गटाचा फोन, गटाचं गिऱ्हाईक

कुणी दुपारची भांडी आवरून बसला असाल, कुणी शिवणाच्या मशीनवर असाल, कुणी रानात खुरपता खुरपता ऐकत असाल. मी बचत गटांची समन्वयक. माझ्याकडं बावीस गट आहेत, त्यातल्या कितीतरी जणी आत्ता ऐकत असतील, म्हणून खोटं बोलायची सोय नाही.

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी झाली, बचत गोळा झाली आणि सचिवताईंनी फोन माझ्यापुढं धरला. "मॅडम, बघा की, पापडाच्या फोटोला एकशे चाळीस लाइक!" मी विचारलं, "पाकिटं किती गेली?" त्या जरा गप्प झाल्या. मग हसून म्हणाल्या, "दोन. ती पण माझ्या नणंदेनं नेली."

आम्ही सगळ्याच हसलो. पण घरी येताना एसटीत माझ्या डोक्यातून ते जाईना. कारण गटागटांत जाऊन "फोटो टाका, व्हिडिओ टाका" असं सांगत फिरणारी मीच. टाकल्यावर पुढं काय करायचं ते मी नीट सांगितलंच नव्हतं. मलाही ते एका गटाचं नुकसान झाल्यावरच कळलं. ती गोष्ट आज सांगणार आहे.

गट आपल्या सोलापूर जिल्ह्यातलाच. दहा जणी. धंदा ज्वारीच्या कडक भाकरीचा आणि शेंगाचटणीचा. कडक भाकरी आपल्याला नवी नाही. पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत पापडासारखी कडक करायची. नीट वाळली तर कितीतरी दिवस टिकते. वजनाला हलकी, पुण्या-मुंबईला पाठवायला चांगली. फक्त मोडते. आणि ओल लागली की सादळते. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढं लागतील.

हा गट दरवर्षी संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत माल घेऊन बसायचा. विक्री बरी व्हायची. गिऱ्हाईक भाकरी मोडून खायचं, "वा" म्हणायचं आणि विचारायचं, "परत कुठं मिळेल?" आमच्या बायका म्हणायच्या, "पुढच्या वर्षी या." विचार करा, माणूस पैसे हातात घेऊन विचारतोय आणि आपण त्याला एका वर्षानं या म्हणतोय! यात्रा संपली की पाट्या उचलून घरी. कोण आलं, कुठून आलं, काय आवडलं, कशाचीच नोंद नाही.

मग एका वर्षी गटातल्या आक्कांनी, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या, शाळा दुसरीपर्यंतची, एक शंभर पानी वही आणली. ज्यानं परत कुठं मिळेल म्हणून विचारलं, त्याच्यापुढं वही धरायची. "नाव आन् नंबर लिवा, भाकरी झाली की कळवतो." त्या यात्रेत साठ-सत्तर नंबर जमले. मैत्रिणींनो, सोशल मीडियावर आपली माणसं जमवायची असं आपण म्हणतो ना, त्याची सुरुवात आमच्याकडं त्या वहीपासून झाली. फोन नंतर आला.

आणि फोन आला तेव्हा पहिला प्रश्न निघाला, फोन कुणाचा? गटात चांगले फोन तिघींच्याच घरी, तेही मालकाच्या नाही तर पोराच्या हातात. आम्ही सचिवताईंच्या मुलाचा नंबर पाकिटावर छापला. मुलगा गुणाचा, पण शिकायला पुण्याला. ऑर्डर यायची दुपारी, तो बघायचा रात्री, आईला फोन करायचा दुसऱ्या दिवशी. एकदा एका बाईंनी डोहाळजेवणासाठी वीस पाकिटं मागितली. निरोप पोचला तेव्हा डोहाळजेवण होऊन गेलेलं. त्या बाईंनी परत कधी मागवलं नाही. आणि पैसे? तेही मुलाच्या खात्यावर. तो एक रुपया ठेवून घ्यायचा नाही, पण गटाचा हिशेब एका पोराच्या मोबाइलमध्ये अडकून बसला.

म्हणून गटानं स्वतःचा फोन घ्यायचं ठरवलं. सोपं वाटतं ऐकायला. बैठकीत दोन तास भांडण चाललं. सात हजारांचा फोन म्हणजे भाकरीची किती पाकिटं, याचा हिशेब एकीनं तोंडी मांडला. आक्काच आधी विरोधात होत्या. "फोन घेतला तर तो सांभाळणार कोण? तिच्या घरात भांडणं लागतील." त्यांचं चूक नव्हतं. सून दिवसभर फोनवर म्हणून घरात काय काय बोललं जातं, ते आपल्याला ठाऊक आहे. शेवटी असं ठरलं की फोन गटाचा, नंबर गटाचा, तो महिन्यामहिन्यानं एकेकीकडं राहणार आणि तसा ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहायचा, सगळ्यांच्या सह्यांनिशी. ठराव लिहिल्याचा एक फायदा असा झाला, की घरी कुणी विचारलं तर बाई सांगू शकते, "हे गटाचं काम आहे, माझी पाळी आहे."

त्या फोनवर आम्ही साधं व्हॉट्सॲप न घेता व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं. तेही फुकटच आहे. त्यात आपल्या मालाचे फोटो आणि भाव एकाच ठिकाणी मांडून ठेवता येतात, दुकानाच्या फळीवर मांडावेत तसे. कुणी रात्री मेसेज केला तर "सकाळी दहानंतर उत्तर देऊ" असं आपोआप जातं. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला खूण लावता येते, नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी रंग ओळखायचा. आमच्या आक्का रंगावरच चालवतात.

आता वहीतले नंबर. आम्ही पहिली चूक ही केली की सगळ्यांना न विचारता एका ग्रुपमध्ये घातलं. संध्याकाळपर्यंत निम्मे बाहेर पडले. बरोबरच आहे, अनोळखी माणसांना आपला नंबर दिसावा असं कुणाला वाटेल? त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करायची. एका यादीत २५६ जणांपर्यंत नंबर बसतात, मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, कुणाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. फक्त एक गोम आहे. ज्यानं आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय, त्यालाच तो मेसेज पोचतो. आम्हाला हे माहीत नव्हतं. दोन महिने मेसेज टाकत होतो आणि म्हणत होतो, लोक उत्तर का देत नाहीत! आता पाकीट हातात देतानाच सांगतो, "ताई, आत्ताच नंबर सेव्ह करा, आमच्यासमोर." आणि नाव काय टाकायचं तेही सांगतो, "कडक भाकरी" असंच टाका. गटाचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, भाकरी राहते.

त्या नंबरवरून गुड मॉर्निंग, देवाचे फोटो, सणाच्या शुभेच्छा, पुढाऱ्यांचे वाढदिवस बंद. माझा हा नियम कडक आहे. त्यावरून माझ्याशी एक ताई आठवडाभर बोलल्या नाहीत. पण गिऱ्हाइकाला रोज सकाळी फुलं पाठवली की ते आपला आवाज बंद करून टाकतं, मग भाकरी तयार झाल्याचंही त्याला कळत नाही. महिन्यातून दोन-तीन मेसेज पुरेत. बाकी स्टेटसला टाकायचं. ते चोवीस तासांनी आपोआप जातं, ज्याला बघायचंय तो बघतो.

फोटोचं थोडक्यात सांगते. सकाळच्या उजेडात, दाराशी, मागं साधी सुपली नाही तर स्वच्छ फडकं. इंटरनेटवरचा फोटो उचलून टाकायचा नाही. एका गटानं चटणीचा असा सुंदर फोटो टाकला होता, लालभडक, वर कढीपत्ता. गिऱ्हाइकानं पाकीट उघडलं, आत आपली खरी चटणी, तांबूस. चटणी चवीला झकास होती हो! पण ते म्हणालं, फसवलं. फोटोखाली वजन, भाव, पाठवणीचा खर्च आणि किती दिवस टिकेल ते लिहा. "किंमत मेसेजमध्ये विचारा" असं लिहू नका. मला स्वतःला ते वाचलं की पुढं विचारावंसंच वाटत नाही.

एकदा मी हुशारी करून फोटोखाली "मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी" असं लिहिलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, नाव मोठं आहे. आक्कांनी वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, ही तर माझ्या दिराच्या रानातली हाय." खोडलं. आता लिहितो, "आमच्या रानातली ज्वारी." त्यावर लोक रानाचा फोटो मागतात, आम्ही पाठवतो.

आता त्या नुकसानीकडं येते. दोन वर्षांपूर्वीचा जुलै महिना. मी गटाला भेटायला गेले होते. आक्का भाकरी थापत होत्या आणि तोंडानं बोलत होत्या, पाऊस, सुना, गॅसचा भाव, सगळं. मी सहज व्हिडिओ काढला आणि इन्स्टाग्रामवर रील म्हणून टाकला, खाली गटाचा नंबर. तिसऱ्या दिवशी बघते तर लाखाच्या वर लोकांनी बघितलेला. फोन थांबेना. नाशिक, ठाणे, बंगळुरू. चार दिवसांत ३४० पाकिटांची मागणी, आणि लोक पैसे आधीच टाकतायत.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. महिन्याच्या अहवालात मी तो आकडा ठळक अक्षरात लिहिला. कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही, की दहा जणी दिवसाला किती भाकरी करतात? दोनशे. म्हणजे दहा-दहाची वीस पाकिटं. ३४० पाकिटांना सतरा दिवस लागतात, तेही एकही सण, एकही आजारपण, एकही दिवस वीज गेली नाही तर. आणि महिना जुलैचा, हवेत ओल.

लोक विचारायला लागले, कधी येणार? मी गटाला म्हणाले, जरा घाई करा. शेजारच्या बायका मदतीला घेतल्या, त्यांना कडक करायची सवय नव्हती. भाकरी पुरती गार व्हायच्या आत पिशवीत गेली, आत वाफ धरली. खोके कमी पडले म्हणून साध्या पिशवीतून कुरिअर केलं. पंधरा दिवसांनी फोटो यायला लागले. कुठं चुरा, कुठं सादळलेली, आणि काही पाकिटांत बुरशी.

एका बाईंनी रीलखालीच बुरशीचा फोटो टाकून लिहिलं, हे खायला पाठवलंय यांनी. मी घाबरून त्यांचं लिहिणं काढून टाकलं. ही माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. त्यांनी परत लिहिलं, आता रागानं, "तक्रारही पुसतात" असं. मग बाकीचेही लिहू लागले.

त्या रात्री गटाची तातडीची बैठक झाली. मी सगळ्यांसमोर सांगितलं की घाई मी करायला लावली. पैसे परत द्यायचे का, यावर दोन तट पडले. परत द्यायचे म्हटले तर चौदा हजारांच्या वर जात होते. बँकेचा हप्ता पुढच्या आठवड्यात, आणि त्याच पैशांतून दिवाळीला प्रत्येकीच्या हाती काहीतरी पडणार होतं. एक ताई रडायलाच लागल्या, त्यांच्या मुलीची फी त्यात होती. "तुटली म्हणून काय झालं, चव तीच हाय, तुटक्याचे कशाला द्यायचे?" असंही कुणी म्हणालं. मला तेही पटत होतं. आक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझं तोंड हाय त्या व्हिडिओत. लोकांनी मला बघून पैसे टाकले. बुरशीचे सगळे द्या, चुऱ्याचे निम्मे द्या." तसं झालं. त्या दिवाळीला त्या दहा जणींना गटाकडून काही मिळालं नाही. ती फी शेवटी गटातून अंतर्गत कर्ज काढून भरली.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी तव्यासमोर बसून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ केला. पावसात भाकरी सादळली, आमच्या हातून घाई झाली, ज्यांची खराब निघाली त्यांनी फोटो पाठवा, पैसे येतील. बस. तो व्हिडिओ फारसा कुणी बघितला नाही. पण ज्यांनी बघायला पाहिजे होता त्यांनी बघितला. बुरशीचा फोटो टाकणाऱ्या बाईंनी पैसे मिळाल्याचं खाली लिहिलं. परत मात्र मागवलं नाही त्यांनी, अजूनही नाही.

आज त्या गटाचं कसं चाललंय? त्या लाखभर लोकांतली एकतीस घरं राहिली, जी महिन्या-दीड महिन्यानं हमखास मागवतात. यात्रेच्या वहीतली साधारण पन्नास. एवढ्यावर दहा जणींचं काम बऱ्यापैकी चालतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला गट ठरवतो, या महिन्यात इतकी पाकिटं. ती भरली की स्टेटसला टाकायचं, "या महिन्याची ऑर्डर बंद, पुढच्या महिन्यासाठी नाव लिहा." पहिल्यांदा असं लिहिताना बायकांचा हात थरथरला, आलेली लक्ष्मी परत कशी पाठवायची म्हणून. पावसाळ्यात भाकरी कमी, चटणी जास्त. पाठवणी पुठ्ठ्याच्या खोक्यातून, वर-खाली कागदाचा चुरा घालून. आणि अन्नपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती केली, छोट्या उद्योगाला वर्षाला शंभर रुपये भरून झाली. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. आपल्यातल्या कितीतरी गटांनी ती अजून केलेली नाही, मला नावं माहीत आहेत!

जाहिरातीसाठी पैसे भरावेत का, असं विचारतात. आम्ही एकदा पाचशे भरून बघितले. लाइक आले. पुढं भरले नाहीत.

पैशांचं मात्र नीट ऐका. आपल्याला पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही, आणि कुठला क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे गेले. या गटाला एकदा फोन आला, मी लष्करात अधिकारी आहे, कॅम्पसाठी दोनशे पाकिटं पाहिजेत, आगाऊ रक्कम पाठवतो, कोड पाठवलाय तो स्कॅन करा. लष्कराचं नाव सांगून फसवायची ही जुनी रीत आहे. त्या महिन्यात फोन ज्यांच्याकडं होता त्या ताईंनी सांगितलं, "साहेब, आमची पाकिटं या महिन्याची संपली." बघा, ऑर्डर बंद ठेवण्याचा असाही उपयोग झाला. पण फसगत झालीच, तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे मिळणं अवघड.

रात्री-बेरात्री पुरुषांचे व्हिडिओ कॉल येतात, हेही होतं. बाईचा चेहरा आणि नंबर एकत्र दिसला की काही लोकांना वाटतं, गप्पा मारायला दुकान उघडलंय. म्हणून गटाच्या नंबरला भाकरीचा फोटो, रात्री आठनंतर फोन बंद, आणि तसला माणूस आला की ब्लॉक, कुणाला न विचारता. ज्या बाईला व्हिडिओत यायचं नाही तिला आग्रह करू नका. नुसते हात दिसले तरी चालतं. थापणारे हात लोक बघत बसतात.

आता तुमच्यातल्या कुणाला पुढच्या मासिक बैठकीत फोनचा ठराव करायचा असेल, तर आमच्या त्या गटानं लिहिलेला वाचून दाखवते. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

"गटाच्या विक्रीसाठी एक फोन व एक सिम गटाच्या खर्चाने घेण्यात यावे. फोन दर महिन्याला एका सदस्येकडे राहील. त्यावर आलेल्या प्रत्येक ऑर्डरची नोंद त्याच दिवशी वहीत करण्यात येईल. पैसे फक्त गटाच्या खात्यावर घेण्यात येतील. महिन्याला किती माल करायचा हे बैठकीत ठरेल, त्याहून जास्त ऑर्डर घेतली जाणार नाही. गिऱ्हाइकाची तक्रार पुसली जाणार नाही."

शेवटची ओळ माझ्यासाठी घातलीय, मला समोर बसवून.

या महिन्यात फोन आक्कांच्या सुनेकडं आहे. संक्रांत जवळ आलीय, यात्रेसाठी नवी वहीही आणून ठेवलीय. गड्ड्यावर आलात तर भाकरीच्या स्टॉलवर डोकवा, मी तिथंच असेन. नमस्कार.